अतिविशाल उतारू विमाने : आकारमान व पल्ला यांच्या संबंधाचा एक ऐतिहासिक विचार

विमानवाहतुकीच्या इतिहासावरील लोकप्रिय ग्रंथांत अतिविशाल उतारू विमानांची हकीकत बहुधा एका सरळ रेषेत मांडलेली असते. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी प्रवास करणाऱ्यांची संख्या वाढत गेली. ती वाढली म्हणून विमाने मोठी झाली. विमाने मोठी झाली म्हणून भाडी उतरली. आणि भाडी उतरल्यामुळे उतारू आणखी वाढले, असा हा कार्यकारणभाव आहे. तो वरवर पाहता इतका पटण्यासारखा आहे की, त्याची तपासणी करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. परंतु तो सर्वांशी खरा मानल्यास एका ढळढळीत वस्तुस्थितीचा उलगडा होत नाही. बोइंग ७४७ या जातीची एकंदर १,५७४ विमाने अर्धशतकाहून अधिक काळात बांधली गेली. तिच्याहून मोठे असे जे एअरबस ए-३८० विमान २००७ मध्ये सेवेत आले, त्याची अवघी २५१ विमाने बांधून २०२१ मध्ये त्याचा कारखाना बंद करावा लागला. या दोन घटनांच्या दरम्यान जगातील उतारूंची संख्या घटली नव्हती. ती कित्येक पटींनी वाढली होती. उतारू वाढत असताना लांब पल्ल्याच्या मार्गांवरील विमान लहान का होत गेले, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाला चार एंजिनांचा इंधनखर्च हे उत्तर नेहमी दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण चार एंजिनांचा खर्च १९७० मध्येही होता आणि तरीही विमानकंपन्यांनी ७४७ची खरेदी केली. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा यत्न केला आहे की, ज्यांनी ही विमाने घेतली त्यांपैकी अनेकांना त्यांतील आसनांची संख्या हवी नव्हती. त्यांना हवा होता तो पल्ला, म्हणजे वाटेत न उतरता दूर जाण्याचे सामर्थ्य. तत्कालीन यंत्रविद्या आणि तत्कालीन नियम यांमुळे हे सामर्थ्य मोठ्या आकाराशी जखडलेले होते. एकाची खरेदी करावयाची तर दुसरे पदरात पडतच असे. पुढे ही गाठ सुटली. खरेदीच्या नोंदीवरून खरेदीदाराच्या हेतूचे अनुमान करणे इतिहासाच्या अभ्यासकाला किती अडचणीत आणू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. आणि ए-३८०च्या कर्त्यांनी नेमके हेच अनुमान केले, असे आमचे मत आहे.

प्रथम ७४७च्या जन्माची परिस्थिती पाहू. बोइंग ७०७ या विमानाने २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन अमेरिकन कंपनीच्या न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर सेवा सुरू केली आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत सागरपार प्रवासाचे स्वरूप पालटून गेले. उतारूंची संख्या ज्या वेगाने वाढत होती तो पाहता विमानतळांवर विमानांची दाटी होणार अशी भीती १९६०च्या दशकाच्या मध्यास व्यक्त होऊ लागली. याच सुमारास अमेरिकी हवाई दलाने एका प्रचंड मालवाहू विमानासाठी स्पर्धा मांडली. १९६५ मध्ये ती लॉकहीड कंपनीने जिंकली व बोइंगचा आराखडा मागे पडला. मात्र या स्पर्धेच्या निमित्ताने एका नव्या प्रकारच्या एंजिनाचा विकास झाला होता. त्यातील पुढचा मोठा पंखा पुष्कळशी हवा ज्वलनकक्षाबाहेरून मागे ढकलतो. त्यामुळे तेवढ्याच इंधनात अधिक रेटा मिळतो व आवाजही कमी होतो. या एंजिनावाचून ७४७ संभवलेच नसते. पॅन अमेरिकनचे प्रमुख हुआन ट्रिप आणि बोइंगचे अध्यक्ष विल्यम ॲलन यांच्यातील वाटाघाटींतून १३ एप्रिल १९६६ रोजी २५ विमानांची मागणी जाहीर झाली. तिची किंमत सुमारे ५२ कोटी ५० लाख डॉलर होती. जे विमान कागदावरही पुरते उतरलेले नव्हते त्यासाठी एवढी रक्कम बांधून घेण्याचे धाडस दोन व्यक्तींच्या परस्परविश्वासावर झाले, हे त्या काळच्या उद्योगव्यवहाराचे एक वैशिष्ट्य होय. त्यानंतर असे धाडस फारसे कोणी केलेले नाही.

प्रारंभी ट्रिप यांची कल्पना दुमजली विमानाची होती. जो सटर या अभियंत्याच्या हाताखालील मंडळींनी ती नाकारली आणि त्याऐवजी एकच रुंद मजला सुचविला. सुमारे वीस फूट रुंदीच्या त्या दालनात दोन वाटा व प्रत्येक ओळीत नऊ ते दहा आसने बसत. नाकारण्याचे एक कारण असे की, संकटसमयी दुसऱ्या मजल्यावरील माणसे अल्पावधीत खाली उतरविणे दुर्घट होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्या काळी सर्वत्र अशी ठाम समजूत होती की, ध्वनीपेक्षा वेगवान विमाने लवकरच लांब पल्ल्याचे उतारू पळवून नेतील. कॉनकॉर्डचे बांधकाम युरोपात चालूच होते आणि अमेरिकेतही सरकारी साहाय्याने तशा विमानाचा आराखडा तयार होत होता. तसे झाल्यास ७४७ला मालवाहतुकीवर दिवस काढावे लागतील, या हिशेबाने त्याचा मजला आठ फुटी पेट्यांच्या दोन रांगा शेजारी शेजारी मावतील इतका रुंद ठेवला गेला. आणि पुढचे नाक उघडून माल आत घेता यावा म्हणून वैमानिकांचा कक्ष उचलून वर नेला गेला. ज्या कुबडामुळे हे विमान लहान मुलालाही ओळखता येते ते कुबड असे एका चुकलेल्या भाकिताची खूण आहे. अमेरिकेचा ध्वन्यातीत विमानाचा प्रकल्प १९७१ मध्ये काँग्रेसने पैसा नाकारल्यामुळे बंद पडला. तात्पर्य, ७४७च्या जन्मदात्यांनाही ते चिरकाल उतारू विमान राहील अशी खात्री नव्हती.

(‘जम्बो’ हे नाव त्याला वृत्तपत्रांनी दिले. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात असलेल्या आणि १८८२ मध्ये अमेरिकेतील बार्नमच्या सर्कशीला विकल्या गेलेल्या हत्तीचे ते नाव. आपल्याकडे हत्ती पाहिलेल्यांची संख्या पुष्कळ असल्यामुळे असेल कदाचित, पण मराठीत हा शब्द चटकन रुळला.)

पहिले ७४७ विमान ९ फेब्रुवारी १९६९ रोजी उडाले आणि २२ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कहून लंडनला त्याची पहिली उतारू फेरी झाली. तीही पहिल्या विमानाचे एंजिन तापल्याने ऐनवेळी दुसरे विमान आणून, काही तास उशिराने. त्याचे उड्डाणसमयीचे कमाल वजन ३३३ टन, म्हणजे मोठ्या ७०७च्या दुपटीहून अधिक होते. तीन वर्गांच्या मांडणीत ३६६ आसने होती. परंतु वेळ प्रतिकूल होती. अमेरिकेत मंदी आली होती आणि उतारूंची वाढ अपेक्षेइतकी झाली नाही. १९७१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने आपल्या ७४७ विमानांतील काही आसने काढून तेथे बैठकीची जागा केली व तीत पियानो ठेवला. वृत्तपत्रांनी या पियानोचे कौतुक केले. हिशेबाच्या दृष्टीने पाहता तो न विकल्या गेलेल्या आसनांचा पुरावा होता. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि अडचण दुणावली.

मोठ्या विमानाचे अर्थशास्त्र येथे थोडे विस्ताराने सांगणे इष्ट आहे. विमान मोठे झाले की एका फेरीचा खर्च वाढतो. पण आसने ज्या प्रमाणात वाढतात त्या प्रमाणात तो वाढत नाही. म्हणून दर आसनामागे खर्च कमी पडतो. समजा, २०० आसनांच्या विमानाच्या एका फेरीस १०० रुपये खर्च येतो आणि ४०० आसनांच्या विमानाच्या फेरीस १६० रुपये. पहिल्यात दर आसनास आठ आणे, दुसऱ्यात साडेसहा आण्यांहून कमी. पण उतारू जर २५० च मिळाले तर दुसऱ्या विमानात दर उतारूमागे दहा आण्यांहून अधिक खर्च येईल आणि पहिले विमान भरून नेणारा प्रतिस्पर्धी नफ्यात राहील. शिवाय उरलेल्या आसनांसाठी उतारू मिळवायचे ते भाडे उतरवूनच. म्हणजे शेवटची शंभर आसने सर्वांत स्वस्त विकली जातात. ‘आसनामागे खर्च’ आणि ‘उतारूमागे खर्च’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विमान विकणारा नेहमी पहिलीविषयी बोलतो, विमान चालविणाऱ्याला दुसरी भोगावी लागते.

असे असता छोट्या देशांच्या कंपन्यांनीही ७४७ का घ्यावे? आयर्लंडच्या एअर लिंगस कंपनीने दोन घेतली, बेल्जियमच्या सबीनाने दोन घेतली. प्रतिष्ठेचा मुद्दा होताच. प्रतिस्पर्ध्याकडे मोठे विमान असताना आपण जुन्या विमानात उतारू बसवू शकत नाही, ही भीतीही खरी होती. परंतु प्रतिष्ठा हे कारण पहिल्या दोन विमानांपुरते पुरेल. ते वीस वर्षे पुरणार नाही. पुढील खरेदीचे कारण शोधावयाचे तर नियमपुस्तक उघडावे लागते.

अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने १९५३ मध्ये असा नियम केला होता की, दोन एंजिनांच्या विमानाने, एक एंजिन बंद पडले असता, साठ मिनिटांच्या आत गाठता येईल अशा विमानतळाच्या टापूबाहेर जाऊ नये. दट्ट्याच्या एंजिनांच्या त्या काळात हा नियम रास्त होता. ती एंजिने वारंवार बंद पडत. १९६४ मध्ये तीन एंजिनांच्या विमानांना यातून सूट मिळाली, दोन एंजिनांना मिळाली नाही. परिणाम असा झाला की अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांवरील सरळ मार्ग तीन व चार एंजिनांच्या विमानांसाठीच जणू राखून ठेवले गेले. तीन एंजिनांची डीसी-१० आणि एल-१०११ ही विमाने १९७१ व १९७२ मध्ये सेवेत आली आणि त्यांनी मधल्या लांबीचे मार्ग घेतले. पण सर्वांत लांब मार्ग, विशेषतः पॅसिफिकवरील, ७४७शिवाय चालविणे कठीण होते. त्या मार्गांवर चारशे माणसे रोज जात होती म्हणून ते विमान तेथे गेले, असे म्हणता येत नाही. तेथे जाऊ शकणारे दुसरे विमान नव्हते.

या विधानाला दोन बळकट पुरावे आहेत. पहिला पुरावा ७४७एसपी या विमानाचा. न्यूयॉर्क ते तोक्यो हे सुमारे १०,८०० किलोमीटरचे अंतर न थांबता कापता यावे अशी पॅन अमेरिकनची इच्छा होती. तेहरान-न्यूयॉर्क या मार्गासाठी इराण एअरलाही तसेच विमान हवे होते. त्यासाठी बोइंगने ७४७चे धड सुमारे ४८ फुटांनी तोडून आखूड केले. सुमारे नव्वद आसने कमी झाली, वजन घटले आणि पल्ला वाढला. १९७६ मध्ये हे विमान सेवेत आले. जगातील सर्वांत मोठ्या उतारू विमानाचा आकार मुद्दाम कमी करून, दर आसनामागे अधिक खर्च सोसून ते विकत घेणारे ग्राहक होते, ही गोष्ट सरळ रेषेच्या कथेत कोठेही बसत नाही. अर्थात् तो खर्च इतका होता की अशी ४५ च विमाने बांधली गेली. आणि पुढे मूळ आकाराच्याच विमानाला अधिक चांगली एंजिने बसवून पल्ला वाढविण्यात आला. १९८९ मध्ये सेवेत आलेले ७४७-४०० हे या प्रयत्नाचे फळ. त्याचा पल्ला १३,००० किलोमीटरहून अधिक होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्वांटास कंपनीने असे एक नवे विमान लंडनहून सिडनीला न थांबता नेले. त्यात भाडे देणारा एकही उतारू नव्हता, हे मात्र सांगितले पाहिजे.

दुसरा पुरावा ‘कॉम्बी’ या प्रकाराचा आहे आणि त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे वाटते. यात मुख्य मजल्याचा मागील भाग भिंत घालून मालासाठी राखलेला असे आणि पुढील भागात उतारू बसत. हॉलंडची केएलएम कंपनी ही याची एक प्रमुख ग्राहक. एअर इंडियानेही १९८८ मध्ये ७४७-३००ची अशी दोन विमाने घेतली. ज्या कंपनीला विमानातील सर्व आसने भरता येत असतील ती कंपनी तेथे लाकडी पेट्या ठेवणार नाही. कॉम्बी म्हणजे पल्ला हवा, पण एवढी आसने नकोत, हे खरेदीदाराचे म्हणणे बांधणीतच उतरलेले आहे. २८ नोव्हेंबर १९८७ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीचे असे विमान मालाच्या कक्षात आग लागून मॉरिशसजवळ समुद्रात कोसळले व १५९ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर या प्रकारावर कडक नियम आले आणि त्याचा उपयोग कमी होत गेला.

उलट बाजूचे उदाहरणही दिले पाहिजे, नाहीतर विवेचन एकांगी होईल. जपानने निव्वळ आसनांसाठी ७४७ घेतले. तेथील देशांतर्गत मार्गांवर उतारूंची गर्दी प्रचंड आणि तोक्योच्या विमानतळावर जागा अपुरी. म्हणून १९७३ पासून ७४७एसआर नावाचा, वारंवारच्या उड्डाण-अवतरणांना टिकेल असा मजबूत केलेला प्रकार तेथे वापरात आला. त्यात पाचशेच्या आसपास उतारू बसत आणि फेरी तासा-दीडतासाची असे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ज्या अपघातात ५२० माणसे दगावली ते विमान याच प्रकारचे होते. म्हणजे जेथे खरोखर आसनांची निकड होती तेथे मोठे विमान आखूड मार्गावर गेले, लांब मार्गावर नव्हे. जपानचा हा अपवाद आमच्या मूळ विधानाला बाधक नसून पोषकच आहे.

भारताच्या संदर्भात हा विषय तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. एअर-इंडिया इंटरनॅशनलचे पहिले परदेशी उड्डाण ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेले. १९६० मध्ये ७०७ विमाने आली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १८ एप्रिल १९७१ रोजी ‘एम्परर अशोक’ हे पहिले ७४७ मुंबईस सांताक्रूझ येथे उतरले. जे. आर. डी. टाटा त्या वेळी अध्यक्ष होते. विमानांना सम्राटांची नावे, खिडक्यांभोवती झरोक्यांची चित्रे असा त्यांचा थाट होता आणि आकाशातील राजवाडा अशी त्यांची जाहिरात होत असे. हेच पहिले विमान १ जानेवारी १९७८ रोजी रात्री मुंबईहून निघाल्यावर वांद्र्याच्या समुद्रात कोसळून २१३ जण ठार झाले, तर २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ या विमानात बाँबस्फोट होऊन ३२९ जणांचा बळी गेला. एकाच विमानात शेकडो जीव एकत्र आल्याने एका दुर्घटनेची व्याप्ती किती वाढते, हे मुंबईच्या आणि कॅनडातील भारतीयांच्या अनेक कुटुंबांनी अनुभवले आहे. आकारमानाच्या कोणत्याही हिशेबात ही बाब वगळता येत नाही.

आता पल्ल्याकडे वळू. मुंबई-न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. एअर इंडियाच्या ताफ्यात ७४७ विमाने १९७१ पासून होती, ७४७-४०० देखील पुढे आली. तरी न्यूयॉर्कला जाणारा मुंबईकर लंडनसारख्या एखाद्या युरोपीय शहरी थांबूनच जात राहिला. हे दोन तुकडे एकाच मोठ्या विमानात सांधण्याचा फायदा असा की, मुंबईचा उतारू लंडनला उतरला तर लंडनचा उतारू न्यूयॉर्कसाठी चढविता येई. म्हणजे विमान भरण्यासाठी थांबणेही सोयीचे होते. १ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क ही विनाथांबा सेवा सुरू केली ती दोन एंजिनांच्या बोइंग ७७७-२००एलआर या विमानाने. त्यात २३८ आसने होती. जे काम छत्तीस वर्षे जम्बोकडून नियमितपणे झाले नाही ते त्याच्याहून पुष्कळ लहान विमानाने केले.

हे शक्य झाले ते नियम बदलल्यामुळे, आणि नियम बदलला तो एंजिने सुधारल्यामुळे. जेट एंजिन उड्डाणात बंद पडण्याचे प्रमाण १९७०च्या दशकात इतके खाली आले की साठ मिनिटांच्या बंधनाचे समर्थन करणे कठीण झाले. १९८५ मध्ये अमेरिकी खात्याने विशिष्ट विमान, विशिष्ट एंजिन आणि विशिष्ट कंपनी यांची कसोटी घेऊन १२० मिनिटांपर्यंत सवलत देण्याची पद्धत सुरू केली. तिला ‘एटॉप्स’ हे संक्षिप्त नाव मिळाले. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सची बोइंग ७६७ विमाने त्याच वर्षी अटलांटिक ओलांडू लागली. १९८८ मध्ये मर्यादा १८० मिनिटांवर गेली, आणि जून १९९५ मध्ये बोइंग ७७७ पहिल्या दिवसापासूनच त्या सवलतीसह सेवेत आले. नकाशावर १८० मिनिटांची वर्तुळे काढून पाहिल्यास महासागरांचा अगदी थोडा भाग बाहेर राहतो. पल्ला आणि आकार यांची गाठ येथे सुटली.

त्याचा परिणाम अटलांटिकवर प्रथम दिसला. पूर्वी अमेरिकेच्या आतील शहरांतून लोक न्यूयॉर्कला येत, तेथून मोठ्या विमानाने लंडन किंवा पॅरिसला जात व पुढे पांगत. दोनशे आसनांचे विमान महासागर ओलांडू लागताच दुय्यम शहरे परस्परांशी थेट जोडली गेली. ज्या पॅन अमेरिकनने पहिले ७४७ मागविले होते ती कंपनी डिसेंबर १९९१ मध्ये बुडाली. तिच्या नाशाची कारणे अनेक आहेत व त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत होईल.

अशा वेळी युरोपात नवे अतिविशाल विमान बांधण्याचा विचार पक्का होत होता. १९९३ ते १९९५ या काळात बोइंग आणि एअरबसचे भागीदार यांनी संयुक्तपणे त्याची चाचपणीही केली. बोइंगने नंतर ७४७चेच धड लांबविण्याची योजना पुढे आणली व ग्राहक न मिळाल्यामुळे जानेवारी १९९७ मध्ये ती सोडून दिली. एअरबसने मात्र १९ डिसेंबर २००० रोजी ए-३८०च्या बांधणीचा निर्णय घेतला. पुढील वीस वर्षांत एवढ्या आकाराच्या बाराशेंहून अधिक उतारू विमानांची मागणी येईल असा तिचा अंदाज होता. बोइंगचा अंदाज त्याच्या पुष्कळच खाली होता. बोइंगचे हितसंबंध ७७७ मध्ये गुंतलेले होते, तेव्हा तिच्या अंदाजाला निःपक्षपाती शास्त्र समजण्याचे कारण नाही. तथापि एअरबसच्या युक्तिवादाची रचना पाहण्यासारखी आहे. ७४७ हजारांवर विकले गेले. त्याला प्रतिस्पर्धी नाही. लंडनच्या हीथ्रोसारख्या विमानतळावर दोनच धावपट्ट्या असून वर्षाला ४,८०,००० उड्डाण-अवतरणांची मर्यादा आहे. सबब याहून मोठे विमान लागणार. यातील विमानतळांच्या दाटीचा मुद्दा खरा होता. परंतु पहिल्या विधानात ७४७ची विक्री ही आसनांच्या मागणीची मोजणी म्हणून धरलेली आहे. त्या विक्रीतून पल्ल्यासाठी झालेली खरेदी वजा केली असती तर उरलेला आकडा किती लहान झाला असता, हे एसपी आणि कॉम्बी यांच्या इतिहासावरून कळण्यासारखे होते.

ए-३८०ची यंत्ररचना उत्कृष्ट होती याविषयी दुमत नाही. ५७५ टन वजन, दोन पूर्ण मजले, आणि विमानतळांनी ठरवून दिलेल्या ८० मीटरच्या चौकटीत बसावेत म्हणून ७९.८ मीटरवर थांबविलेले पंख. सटर यांना ज्या प्रश्नाने दुमजली विमान सोडावयास लावले होते तो प्रश्नही सुटला : मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्ग येथे अंधारात, निम्मी दारे बंद ठेवून, ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर काढून दाखविण्यात आली. मात्र हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथील आराखडे संगणकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर तयार झाल्याने विजेच्या तारा जागेवर पोहोचेनात आणि सुमारे दोन वर्षांचा विलंब झाला. या विलंबात मालवाहू प्रकाराचे ग्राहक निघून गेले. २५ ऑक्टोबर २००७ रोजी सिंगापूर-सिडनी मार्गावर पहिली फेरी झाली. सिंगापूर एअरलाइन्सने भाड्याने घेतलेली पहिली काही विमाने दहा वर्षांनी परत केली तेव्हा त्यांना दुसरा गिऱ्हाईक मिळेना. त्यांतील दोन फ्रान्समध्ये तार्ब येथे मोडीत काढण्यात आली. एवढ्या अल्पवयात असे मोठे विमान सुट्या भागांसाठी मोडले जावे, हे दृश्य पूर्वी फारसे कोणी पाहिले नव्हते.

एका कंपनीने मात्र ते मनापासून वापरले. दुबईच्या एमिरेट्सने २५१ पैकी १२३ विमाने घेतली. भारतीय उपखंड, आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधोमध बसून चहूकडचे उतारू एका ठिकाणी आणावयाचे व तेथून पुन्हा वाटावयाचे, हा तिचा व्यवसायच असल्याने तिला आसने हवी होती. पल्ला दोन एंजिनांतही मिळाला असता. भारत सरकारने या विमानाला आपल्या विमानतळांवर येण्याची परवानगी जानेवारी २०१४ मध्ये दिली आणि त्या वर्षी सिंगापूर व एमिरेट्स या दोन्ही कंपन्यांची ए-३८० विमाने मुंबईस येऊ लागली. भारतीय कंपनीने एकही घेतले नाही. मुंबईचे उतारू मोठ्या विमानात बसले, पण ते दुबईला किंवा सिंगापूरला जाऊन पुढे दुसऱ्या विमानात चढण्यासाठी. मुंबईसारख्या शहराचा प्रवासी कोणाच्या केंद्रातून जाणार, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे, आणि आपल्याकडील अर्थशास्त्र विभागांनी त्याकडे वळावे इतका तो मोठा आहे.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी ए-३८०ची बांधणी थांबविण्याची घोषणा झाली. शेवटचे विमान १६ डिसेंबर २०२१ रोजी एमिरेट्सलाच मिळाले. २०२० च्या साथीत अनेक कंपन्यांनी आपली चार एंजिनांची विमाने कायमची उतरविली. एअर फ्रान्सने ए-३८० सोडले, ब्रिटिश एअरवेज व क्वांटास यांनी ७४७ला निरोप दिला. लुफ्तान्साने मात्र २०२३ मध्ये साठवून ठेवलेली काही ए-३८० पुन्हा काढली. उतारू अपेक्षेपेक्षा लवकर परतले होते आणि ज्या नव्या ७७७एक्स विमानांवर भिस्त होती ती वेळेवर आली नव्हती. यास मोठ्या विमानाचे पुनरुज्जीवन म्हणणे घाईचे ठरेल, कारण नवीन बांधणी कोणीही मागितलेली नाही.

७४७ची अखेरची मालिका, ७४७-८, हिचे आकडे या सर्व विवेचनाच्या शेजारी ठेवून पाहावेत. तिची एकंदर १५५ विमाने झाली. त्यांपैकी ४८ उतारूंसाठी आणि १०७ मालासाठी. ३१ जानेवारी २०२३ रोजी एव्हरेट येथील कारखान्यातून ॲटलास एअर कंपनीच्या हवाली झालेले शेवटचे ७४७ हेही मालवाहूच होते, आणि सटर यांच्या मंडळींनी १९६६ च्या सुमारास योजिल्याप्रमाणे त्याचे नाक वर उचलून आत माल भरता येतो.